भिंतीबाहेरची सुईण

अग्रिपीना मावशीला उभी असलेली पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही. टेकायला दगड दिसला की ती टेकायची. चर्चची पायरी, झऱ्याचा कठडा, खेचरांची पाण्याची कुंडी. माझ्या दफनभूमीतल्या कबरीसुद्धा तिने सोडल्या नाहीत. "मावशी, खाली माणूस झोपलाय," असं मी म्हटलं की म्हणायची, "झोपू दे की. मी त्याला उठवत नाही, त्याने मला उठवू नये म्हणजे झालं."

तिला उठवायला अख्खं गाव टपलेलं होतं. आमचं रोक्कासेर्रा डोंगराच्या कण्यावर आहे. कुणाच्याही दारात जायचं तर आधी उतरायचं, मग चढायचं. त्या चढउतारात तिचं आयुष्य गेलं. नवरा खालच्या पाणथळ शेतांतल्या तापाने फार लवकर गेलेला, स्वतःला मूलबाळ नाही, आणि गावातल्या निम्म्याअधिक माणसांना जन्मल्याबरोबर पहिली चापटी मारलेली तिने. सुईणपणाबद्दल कुणी अंडी द्यायचं, कुणी वाटीभर वालासारखे बाकल्याचे दाणे. खाता खाता तिचा डोळा लागायचा आणि घास तोंडातच राहायचा.

मी कोनो, या चर्चचा घंटेकरी. घंटा ओढायची, मेणबत्त्या लावायच्या आणि गावातल्या मेलेल्यांसाठी खड्डे खणायचे, ही माझी कामं. माझा स्वभाव तिरसट आहे असं माझी बायको वार्वारा सांगत असे. दिवसभर दोरी ओढून आणि माती उपसून कुणाचा स्वभाव गोड राहिलाय तो मला दाखवा.

आमच्या दफनभूमीला भिंत आहे. आत बाप्तिस्मा झालेली माणसं. उत्तरेच्या भिंतीबाहेर, खाजकुयलीच्या झुडपांत, ज्यांना बाप्तिस्म्याचं पाणी मिळालं नाही अशी तान्ही. परलोकातही त्यांची जागा वेगळी, ना वर ना खाली. त्या जागेलाही आम्ही नुसतं 'बाहेर' म्हणायचो. जमिनीवरचं बाहेर आणि त्या पलीकडचं बाहेर यांत कुणी कधी फरक केला नाही. म्हणून तर सुईणीला तेवढ्यापुरता पाद्र्याचा अधिकार असतो. मूल हातात राहील असं दिसेना की तिने मिळेल ते पाणी घालायचं, चार शब्द म्हणायचे आणि ते मूल भिंतीच्या आत आणायचं.

पण दिवस भरायच्या आधीच जे पडून जातं त्याचं काय? आमच्या जुन्या पाद्र्याचा नियम होता, आणि तो त्याच्याही आधीपासून चालत आलेला. मुलगा असेल तर चाळीस दिवसांनी त्यात जीवात्मा येतो, मुलगी असेल तर ऐंशी दिवसांनी. त्याआधी ते नुसतं मांस. हातपाय दिसले तर पाणी घाल, नाहीतर घालू नकोस, देवाचा संस्कार वाया घालवायचा नाही. त्या बोटभर गोळ्यात मुलगा की मुलगी हे कसं ओळखायचं, ते मात्र त्या म्हाताऱ्याने कधी सांगितलं नाही. मुलींना दुप्पट वेळ का लागतो तेही नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "तुझी बायको चर्चला निघताना किती वेळ लावते?"

तर असं जे पडायचं ते मावशी चिंधीत बांधायची आणि घरच्या झाडाखाली पुरायला सांगायची. आईला बघू द्यायची नाही. "बघून काय करणार, गं? झोप," म्हणायची. खेचरवाल्या फिलादेल्फोच्या बायकोची, वेन्नेराची, अशी तीन गेली. तिन्ही त्यांच्या अंजिराखाली. आमचं एक बदामाखाली आहे.

मग जुना पाद्री गेला आणि पालेर्मोहून पाद्री इप्पोलितो आला. तरुण, काटकुळा, पोटाचा कायमचा विकार, पण माणूस मनाने चांगला. लोकांचं भलं व्हावं म्हणून तळमळणारा. अशा माणसांची मला भीती वाटते. आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने व्यासपीठावरून आम्हाला सांगितलं की जुना नियम चुकीचा होता.

"देव दर वेळी नव्याने माणूस घडवत बसत नाही," तो म्हणाला. "त्याने सगळी माणसं एकदाच केली. इवलीशी, नखंकेसांसकट. आणि एकात एक अशी घडी घालून पहिल्या आईच्या कुशीत ठेवून दिली. आईच्या पोटात मूल घडत नाही, ते फक्त उलगडतं. भिंगातून पाहणारे मोठमोठे विद्वान आज हेच सांगतात. म्हणजे पहिल्या क्षणापासून ते पुरतं माणूस असतं. म्हणून इथून पुढे जे पडेल, ते कितीही लहान असो, त्याला पाणी मिळालंच पाहिजे."

मी वार्वाराच्या कानाला लागलो, "म्हणजे हा माझा दुखरा गुडघा त्या पहिल्या बाईच्या पोटात होता! बिचारीला आधीच किती त्रास." एरवी तिने मला कोपर मारलं असतं. ती हललीसुद्धा नाही. मग माझ्या लक्षात आलं की चर्चमधली एकही बाई हलत नव्हती, खोकतसुद्धा नव्हती. आणि मागच्या खांबाशी अग्रिपीना मावशी, जी प्रत्येक प्रवचनात घोरायची, टक्क जागी होती.

बाहेर पायऱ्यांवर पुरुषांची नेहमीची थट्टा चालली होती. फिलादेल्फोने पाद्र्याला अडवलंच. "बाबा, घोडीच्या पोटात जर आधीच घडी घातलेला घोडा असतो, तर गाढव भेटल्यावर खेचर कुठून येतं? माझ्याकडं सहा आहेत, सहांचेही कान बापावर गेलेत." लोक खदखदा हसले. पाद्रीही हसला आणि म्हणाला की कान ही वरवरची गोष्ट आहे, पोसताना बदलते. फिलादेल्फोही हसत होता. बायको मागे उभी आहे आणि तिचा चेहरा राखेसारखा झालाय, हे त्याला दिसलं नव्हतं.

त्यानंतर मावशीची जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. आधी फक्त बाळंतपणाला बोलावणं यायचं. आता पाळी चार दिवस उशिरा आलेल्या बाईचीही माणसं धावत यायची. मावशी जायची, चिंधी उलगडायची, पाणी घालायची आणि पाद्र्याने शिकवलेलं वाक्य म्हणायची: "तू माणूस असशील, तर मी तुला बाप्तिस्मा देते." मग ती चिंधी माझ्याकडे. मी भिंतीच्या आत कोपऱ्यात वीतभर खड्डा खणायचो. "मावशी, या गतीने इथं नुसते हातरुमालच पुरले जाणार," मी एकदा चिडून म्हणालो. ती शेजारच्या कबरीवर बसलेली. "खण रे बाबा," ती म्हणाली. "मला विचारू नकोस. माझं वाक्यच 'असशील तर'ने सुरू होतं."

त्या दिवसांत वैद्य मेल्कियोर्रेनेही या भानगडीत उडी घेतली. तपकीर ओढणारा जाडजूड माणूस, पाद्र्याचा दोस्त आणि पत्त्यांतला भिडू. त्याने औषधांच्या दुकानात खुडूक कोंबडी बसवली आणि रोज तिच्याखालचं एक अंडं फोडून बघायला लागला. एक दिवस पाद्र्याला बोलावलं. मी मेणबत्त्या न्यायला आलो होतो, मावशी पोटदुखीचा पाला घ्यायला आली होती आणि पिठाच्या पोत्यावर टेकली होती.

वैद्याने बशी पुढे सरकवली. "बघा, बाबा. चोच दाखवा. पंख दाखवा. एक लाल ठिपका आहे, तो उडतोय, बस. बाकीचं अजून व्हायचंय. आधी हे, मग ते, मग त्याच्यावर ते. गवंडी घर बांधतो तसं."

"सगळं आहे," पाद्री म्हणाला. "काचेसारखं आरपार आहे, म्हणून दिसत नाही."

"असं होय! मग माझ्या खिशातही सोन्याची नाणी आहेत. आरपार आहेत. कालच्या डावाचे पैसे त्यातून घ्या."

पाद्र्याला हसू आलं. तेवढ्यात पोत्यावरून मावशी म्हणाली, "मग तो कोंबडा कधी होतो?"

"अमुक एका वेळी असं नाही, बाई," वैद्य म्हणाला. "होत होत होतो."

"मग पाणी कधी घालायचं?"

वैद्याने तपकिरीची डबी काढली, उघडली, परत मिटली. "ते माझं काम नव्हे."

"पहिल्यापासून, बाई," पाद्री हळूच म्हणाला. "नेहमी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "म्हणजे मी जन्मभर मुलं बाहेर टाकत आले."

वैद्याने बशीवर फडकं झाकलं. मावशी पाला विसरून गेली, मला तो तिच्या घरी नेऊन द्यावा लागला.

वेन्नेराला तेव्हा पुन्हा दिवस राहिले होते. पोट दिसायला लागलं होतं, या खेपेला ठरेल असं वाटत होतं. आणि तिने खाणं सोडलं. अंजिराखाली बसून राहायची. फिलादेल्फोने समजावलं, ओरडला, शेळीच्या दुधाचा मऊ रिकोटा आणला, शेवटी कुदळ घेऊन अंजिराखाली खणायला लागला, की काही तरी सापडेल, आत नेऊन ठेवता येईल. मुळांशिवाय काही सापडलं नाही. ते पाहिल्यावर ती जास्तच खचली. वैद्याने पाद्र्याला सांगितलं, बाई अशीच राहिली तर मूलही जाईल आणि तीही जाईल.

पाद्र्याने मला आणि मावशीला बरोबर घेतलं. त्या चढावर मावशी तीनदा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा पाद्री पुढे निघून गेला होता. ती मला म्हणाली, "कोनो, ती विचारणार आहे त्यांना हात होते का. मला आठवत नाही रे. खरंच आठवत नाही. इतकी पाहिलीत. आणि दर वेळी मी इतकी दमलेली असायची."

वेन्नेरा अंजिराच्या बुंध्याला टेकून बसली होती, हाडं वर आलेली, पोट तेवढं पुढे. पाद्री म्हणाला, देवाची दया अपार आहे. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी," ती म्हणाली, "तू बघितलंस त्यांना. मला बघू दिलं नाहीस. हात होते? बोटं होती? बाबा म्हणतात नखंसुद्धा असतात. माझी तीन पोरं नखंकेसांसकट अंधारात पडलीत. त्यांना सोडून मी या चौथ्याला कुठल्या तोंडाने दूध पाजू? तू सांग ना. काय होतं त्या चिंधीत?"

मावशी तिच्यासमोर खणलेल्या मातीवरच बसली. बराच वेळ तिने वेन्नेराचं पाऊल हातात धरून ठेवलं.

"पाणी घातलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तिघांनाही. म्हाताऱ्या पाद्र्याला बोलले नाही, त्याने मला गावातून हाकललं असतं. पण मी कुणालाच तसं जाऊ दिलं नाही, पोरी. कधीच नाही. हात असोत नसोत."

पाद्री पुढे झाला. "बाई, हे तुम्ही शपथेवर सांगता?" त्याने गळ्यातला क्रूस पुढे केला. तिने त्यावर हात ठेवला. "शपथेवर," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती. मला ते माहीत होतं, कारण आमचं पडलं तेव्हा पाण्याचा तांब्या मीच धरला होता. तिने हात धुतले, पुढच्या फडक्याला पुसले, चिंधीची गाठ मारली आणि एक शब्दही न म्हणता ती माझ्या ओंजळीत दिली. "अजून घडलं नव्हतं, कोनो," एवढंच म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं शांत झोपत होतो. क्रूसावर हात ठेवून खोटं बोललेल्याचं काय होतं, ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असतं तर? पण वेन्नेरा रडत होती, आणि रडता रडता तिने रिकोट्याचं भांडं ओढून घेतलं आणि बोटांनीच खायला लागली. इतक्या भराभर की फिलादेल्फो म्हणाला, "अगं, ठसका लागेल." त्याचेही डोळे गळत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर मावशीला पायरीवरून उठताच येईना. गावातल्या बायका एकेक करून येत होत्या. म्हाताऱ्या, तरुण, एक तर पंचवीस वर्षांपूर्वीचं विचारायला आलेली. "मावशी, माझ्या त्यालाही?" "तुझ्याही, गं." "आणि आमच्या सासूबाईंच्या?" "त्यांच्याही." माझी वार्वाराही गेली. मी दाराशी दोरी गुंडाळत उभा होतो. "तुझ्याही," मावशी तिला म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी दोरीची गाठ बघत राहिलो. त्या संध्याकाळी वार्वाराने कितीतरी वर्षांनी गाणं गुणगुणत कांदा चिरला, आणि मला जेवण गेलं नाही. आज हे सांगायला हरकत नाही. ज्यांना ऐकून त्रास झाला असता त्या सगळ्या आता माझ्याच हातून मातीत गेल्यात, वार्वारासुद्धा, आणि गेल्या हिवाळ्यात वेन्नेराही.

वेन्नेराला मुलगा झाला. कान बापावर गेलेले. फिलादेल्फो गावभर सांगत सुटला की पाद्र्याला दाखवा.

मावशी त्यानंतर काही वर्षं चिंध्या उलगडत आणि 'तू माणूस असशील तर' म्हणत गावात फिरत राहिली. मग एका लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासांत, ती अंथरुणाला खिळली. पाद्री इप्पोलितो तिची पापकबुली ऐकायला आत गेला आणि फार वेळाने बाहेर आला. डोळे लाल. माझ्याशी न बोलता उतार उतरून गेला. मी आत गेलो तर ती उशीला टेकून बसलेली.

"सांगितलं त्याला," ती म्हणाली. "तो म्हणतो, बायकांना खरं सांग, मग मी तुला देवाच्या नावाने क्षमा देतो. रडत होता बिचारा. मी म्हटलं, मग राहू दे."

"मावशी, अगं, क्षमेशिवाय..."

"ऐक. मला भिंतीच्या आत पुरू नकोस. बाहेर, उत्तरेला."

मला राग आला. "वेड लागलं का तुला? जन्मभर खपलीस, आणि त्या खाजकुयलीत?"

"ओरडू नकोस, माझ्यात त्राण नाही," ती म्हणाली. "हे बघ. पाद्रीबाबाचं खरं असेल, तर ती सगळी बाहेर आहेत, नखंकेसांसकट. वेन्नेराची तीन, तुमचं एक, सगळी. आणि त्यांना तिथं ओळखीचं कुणी नाही. त्यांच्या आयांनीसुद्धा त्यांना बघितलेलं नाही. मी एकटीने बघितलंय. मी आत जाऊन झोपले तर त्यांना कोण आहे?"

मी विचारलं, "आणि वैद्याचं खरं असेल तर? नुसता ठिपकाच असेल तर?"

"मग बाहेर मी एकटीच," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "चालेल की. जरा झोप तरी होईल."

तिला मी उत्तरेच्या भिंतीबाहेर पुरलं. तिची इच्छा होती एवढंच पाद्र्याने गावाला सांगितलं. पापकबुलीत ऐकलेलं फोडायचं नसतं, त्यामुळे त्याहून जास्त त्याला सांगता येत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तो प्रार्थनेच्या पुस्तकाशिवाय, झगा न घालता साध्या कपड्यांत आला, डोकं उघडं ठेवून माती टाकून होईपर्यंत उभा राहिला आणि गेला. बायका झुडपांपलीकडे कुजबुजत होत्या. वेन्नेरा मात्र सरळ झुडपांत घुसली, मुलाचा हात धरून, पायांना खाज सुटली तरी पर्वा न करता.

"लाज वाटते का रे तुम्हाला?" ती माझ्यावर ओरडली. "दमून म्हटलं असेल काहीतरी, आणि तुम्ही तेच धरून बसलात? माझी तीन हिने देवाघरी पोचवली! सगळ्या गावाची पोरं हिने आत नेली! आणि तुम्हाला हिच्यासाठी आत हातभर जागा मिळाली नाही?"

"नाही मिळाली," मी म्हणालो, आणि फावडं उचललं.